टोमॅटो-मिरचीची रोपं कुंडीत लावताना: काळी माती, कोकोपीट, चिपाड आणि प्रत्येकाचं पाणी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नर्सरीतून टोमॅटो आणि मिरचीची रोपं आणली, चिंचवडच्या गच्चीवर तीन प्रकारे लावली, काही काळ्या मातीत, काही नुसत्या कोकोपीटमध्ये आणि काही उसाचं चिपाड-पालापाचोळा भरलेल्या ग्रो बॅगमध्ये. सगळ्यांना रोज सकाळी एकेक मग पाणी. आता पंधरा दिवसांनी मातीतली पिवळी पडून मान टाकतायत, कोकोपीटमधली जिथल्या तिथे आहेत आणि शेंड्याची पानं वाकडी येतायत, आणि चिपाडातली दुपारी झोपतात, संध्याकाळी परत उठतात. शेवटी तुम्ही विचारलंय की नर्सरीवाल्याने खराब रोपं दिली का.

रोपं बहुतेक चांगलीच असणार, फोटोत खोडं जाड दिसतायत आणि पेरं पण जवळ जवळ आहेत. गडबड त्या एका मगात आहे. तीन वेगळ्या माध्यमांना एकच मग, एकाच वेळी, म्हणजे एक बुडालं, एक उपाशी राहिलं आणि एक तहानलेलं राहिलं. नर्सरीच्या कामात माझी बरीच वर्षं गेलीत आणि गच्चीवरच्या बागांचे जे फोन येतात त्यातले निम्म्याहून जास्त याच प्रकारचे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी वाफसा. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण गच्चीवाल्यांना सांगावं लागतं. मुळाला पाणी लागतं तशीच हवाही लागते, मूळ श्वास घेतं. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर आणि मधल्या पोकळीत हवा, ही अवस्था म्हणजे वाफसा, आणि आपण कुंडीत जे काही करतो, माध्यम निवडणं, भोकं पाडणं, पाणी घालणं, ते सगळं रोपाला जास्तीत जास्त वेळ वाफशात ठेवण्यासाठी. शेतात जादा पाणी खाली निघून जातं कारण खाली आणखी दहा फूट माती आहे ओढून घ्यायला. कुंडीला तळ असतो. कुंडीत कितीही भोकं पाडा, पाणी दिल्यावर तळाशी एक ओला थर अडकून राहतोच, आणि तो किती जाड असणार ते माध्यम किती बारीक आहे त्यावर ठरतं, कुंडी किती उंच आहे त्यावर नाही. बारीक चिकण मातीत तो चार-सहा इंच सुद्धा असतो, भरड माध्यमात इंचभर. म्हणून सहा इंच उंचीच्या पसरट ट्रेमध्ये काळी माती भरली की जवळजवळ सगळी मुळं चिखलातच राहतात, आणि त्याच मातीने बारा इंची कुंडी भरली तर वरचा निम्मा भाग तरी सुखी.

याच कारणाने तळाला विटांचे तुकडे, खडी घालायची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. वर बारीक माती आणि खाली खडी असली की पाणी खडीत सहज उतरत नाही, मातीतच अडून राहतं, म्हणजे ओला थर फक्त दोन इंच वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एखादं खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी निचरा हवा असेल तर भरड वस्तू तळाला घालायची नाही, ती मातीत मिसळायची.

आता तुमची काळी माती. आपल्या घाटावरची काळी माती शेतात सोनं आहे, कपाशी, ज्वारी, ऊस सगळं येतं, पण कुंडीत एकटी घातली की त्रास देते. तिची चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, भेगा पडतात, कुंडीच्या कडेपासून सुटते. मग तुम्ही मगभर पाणी ओतता, ते कडेच्या फटीतून सरळ खाली जाऊन बशीत दिसतं, तुम्हाला वाटतं झालं पाणी, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत. किंवा उलट, रोज घालत गेलात तर आतला गोळा कधीच वाफशावर येत नाही. तुमच्याकडे हे दुसरं झालंय. पिवळी पानं, मान टाकलेली आणि माती मात्र ओली, हे तिन्ही एकत्र दिसलं की पाणी आणखी घालायचं नाही. लोक नेमकं तेच करतात, सुकलंय म्हणून अजून एक मग.

खात्री करायची तर एक रोप काढून बघा. डाव्या हाताची बोटं खोडाच्या दोन्ही बाजूंनी मातीवर पसरा, कुंडी उलटी करा, उजव्या हाताने बुडावर थाप द्या, गोळा हातात येतो. मुळं पांढरी किंवा फिकट दुधी रंगाची आणि कडक असतील तर रोप वाचणार. तपकिरी, बुळबुळीत असतील, चिमटीत धरून ओढल्यावर वरचं साल मोज्यासारखं निघून आत दोरा उरत असेल आणि गटारासारखा वास येत असेल तर ती मुळं कुजलीत. ते रोप टाका, ती माती उन्हात पसरून वाळवा आणि पुढची लागवड त्यात टोमॅटो-मिरची-वांग्याची नको, मेथी-पालक घ्या एकदा.

काळी माती वापरायचीच असेल (फुकट मिळते, मी समजू शकतो) तर ती एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भरड काहीतरी, म्हणजे कोकोपीटमध्ये नारळाचे तुकडे असतात ते, विटांचा जाड चुरा, भाताचं तूस, जे मिळेल ते. वरून बॅगेला दोन मूठ निंबोळी पेंड. बारीक वाळू मात्र घालू नका, चिकण माती आणि बारीक वाळू मिळून गिलावा तयार होतो. कोकणातून कुणी हे वाचत असेल तर तुमची जांभी लाल माती फुगत नाही, निचरा बरा असतो, पण ती आम्लधर्मी असते आणि स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, रोपाला देत नाही, तिथे कंपोस्टचा हात सढळ ठेवायचा.

पुनर्लागवडीत एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही आणि निम्मी रोपं तिथेच अडतात. रोप आपल्याबरोबर स्वतःच्या जुन्या माध्यमाचा गोळा घेऊन येतं. प्रो-ट्रेमधलं (रोपवाटिकेतला खाचांचा प्लास्टिकचा ट्रे) रोप असेल तर कोकोपीटचं बोटाएवढं पेल, म्हणजे प्लग, काळ्या पिशवीतलं असेल तर लाल मातीचा घट्ट लाडू. पहिले आठ-दहा दिवस रोपाची सगळी मुळं त्या गोळ्यातच असतात. भोवती वीस लिटर माध्यम ओलं आहे का कोरडं, याच्याशी रोपाला अजून काही देणंघेणं नाही, त्याच्या मुळांनी ते पाहिलेलंच नाही.

आणि पाणी नेहमी भरड माध्यमातून बारीक माध्यमाकडे ओढलं जातं. कोकोपीटचं पेल काळ्या मातीत लावलं की भोवतालची माती त्या पेलातलं पाणी शोषून घेते. बाहेर सगळं ओलं दिसतंय आणि रोप दुपारी झोपतंय, कारण पेल कोरडं पडलंय. उलट केस, लाल मातीचा लाडू चिपाडात किंवा भरड कोकोपीटमध्ये लावला, की पाणी लाडवातच अडकून बसतं, बाहेर पडत नाही, आणि मुळंही बाहेर पडत नाहीत. महिन्याने रोप उपटलं तर लाडू जसाच्या तसा निघतो. म्हणून मी नेहमी सांगतो, पहिल्या आठवड्यात पाणी खोडाच्या बुडाशी थोडं थोडं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, कपभर पुरे. दुसऱ्या आठवड्यापासून पाणी बाहेर बाहेर सरकवायचं, खोडापासून बोटभर, मग वीतभर, गोल आळ्यात. मुळं ओल शोधत बाहेर जातात. सगळ्या बॅगेला भरभरून पाणी द्यायचं ते तिसऱ्या आठवड्यानंतर, फक्त लागवडीच्या दिवशी एकदा मात्र संपूर्ण माध्यम भिजवून घ्यायचं, पाणी खालून निघेपर्यंत.

लाल मातीचा लाडू असेल तर लावण्याआधी पिशवीसकट अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवा, मऊ झाला की पिशवी कापा आणि बाहेरचा अर्धा सेंटीमीटर थर बोटांनी हळूच मोकळा करा. मुळांची जाळी गोल गोल फिरलेली असेल तर तळाचं वेटोळं सोडवा किंवा कात्रीने कापून टाका. मिरचीला हे चालतं, टोमॅटोला तर बिनधास्त चालतं. काकडी, दोडका, भोपळा या वेलवर्गीयांना अजिबात चालत नाही, त्यांची मुळं दुखावली की वेल रुसून बसतो, म्हणून ते थेट बॅगेतच पेरा, नाहीतर कागदी कपात वाढवून कपासकट लावा.

किती खोल लावायचं? टोमॅटोच्या खोडाला जमिनीत गाडलं की मुळं फुटतात, खोडावर ज्या बारीक गाठी दिसतात तिथून. म्हणून खालची दोन-तीन पानं काढून रोप निम्मं गाडलं तरी उत्तम. मिरची आणि वांग्याला ही सवय इतकी नाही, ती जेवढी ट्रेमध्ये होती तेवढीच, फार तर बोटाचं एक पेर खोल. टोमॅटोचं रोप कलमी असेल, आता काही नर्सऱ्यांमध्ये वांग्याच्या खुंटावर केलेलं मिळतं, तर जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे, गाडलात तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचे जादा पैसे पाण्यात.

बाकी वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. रोप पानाला धरून उचलायचं, खोडाला चिमटीत धरायचं नाही, पान तुटलं तर दुसरं येतं. टोमॅटो पंचवीस-तीस दिवसांचा, मिरची पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांची, चार-पाच खरी पानं आलेली. नर्सरीच्या शेडनेटखालून आणलेलं रोप त्याच दिवशी गच्चीच्या उन्हात लावायचं नाही, पाच-सहा दिवस सकाळचं ऊन दाखवत कणखर करायचं, या दिवसात पाणी पण थोडं हात राखून. ऑक्टोबर हीटमध्ये तर हे नक्कीच करा.

आता कोकोपीट, यावर मी जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. लोकांना वाटतं ही एक प्रकारची हलकी माती आहे. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातला भुसा. पाणी भरपूर धरतं, स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट, आणि तरी आत हवा राहते, म्हणून रोपवाटिकांचं काम त्यावर चालतं. पण त्यात खायला जवळजवळ काही नाही. थोडं पालाश (पोटॅशियम) असतं, बस. नत्र (नायट्रोजन) नाही, चुना (कॅल्शियम) नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये नुसतं पाणी म्हणजे उपवास, तुमची रोपं जिथल्या तिथे थांबलीत त्याचं कारण हे.

दुसरं म्हणजे क्षार. नारळाची सोडणं बऱ्याचदा किनाऱ्याकडच्या खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे स्वस्त विटेत मीठ असतं. ६५० ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात टाकली की फुलून आठ-नऊ लिटर होते. ती फुलली की तशीच कुंडीत भरायची नाही. जुन्या साडीच्या किंवा गोणपाटाच्या तुकड्यात बांधून पिळा, पिळलेल्या पाण्याचा रंग चहासारखा येईल, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर त्यात बुडवून बघा. हजाराच्या वर आकडा दिसला तर अजून धुवायचं. दोन-तीन पाणी बदलली की आकडा तुमच्या नळाच्या पाण्याच्या जवळ येतो.

एवढ्यावर भागत नाही. कोकोपीटच्या कणांना पोटॅशियम आणि सोडियम चिकटलेलं असतं, ते साध्या पाण्याने पूर्ण निघत नाही. तुम्ही नंतर कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलंत की कोकोपीट आधी स्वतः ते पकडून ठेवतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतं, रोपाच्या वाट्याला चुना येतच नाही. म्हणून धुतलेलं कोकोपीट एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवायचं, लिटरला दोन ग्रॅम, सकाळी निथळायचं, एकदा साध्या पाण्याने धुवायचं, मग भरायचं. हे कॅल्शियम नायट्रेट ठिबकवाल्या शेतकऱ्यांचं नेहमीचं खत आहे, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

शेंड्याची कोवळी पानं वाकडी, कडा करपलेल्या, हे चुन्याच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं, कारण कॅल्शियम जुन्या पानातून नव्या पानात हलत नाही. पण थांबा, लगेच खताची पिशवी फोडू नका. मिरचीची पानं वाकडी होण्याचं आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण चुरडा-मुरडा, बोकड्या म्हणतात तो. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडी झाली असेल तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळून पान लांबट झालं असेल आणि देठ लांबला असेल तर कोळी. पांढरा कागद खाली धरून शेंडा टिचकीने झटका, कागदावर बारीक पिवळसर रेघा चालताना दिसल्या की फुलकिडे. कोळी डोळ्याला दिसत नाही, भिंग लागतं. टोमॅटोची पानं आखूड, वर गुंडाळलेली, पिवळसर आणि झाड खुजं झालं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ व्हायरस, त्याला औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून टाकायचं, शेजारच्याला लागायच्या आत. फुलकिडे-कोळ्यांसाठी सुरुवातीला लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानाच्या खालून. हे सगळं तपासून काही नसेल, तर मग चुना.

कोकोपीटमध्ये खाणं पाण्यातून द्यायचं, जवळजवळ दर पाण्याला. लहान रोपाला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, त्यात लिटरला अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम. हे दोन एकत्र एका बादलीत घट्ट कालवायचे नाहीत, कॅल्शियम आणि फॉस्फेट-सल्फेट एकमेकांना धरून तळाला पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया. आठ-दहा दिवसांतून एकदा सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण. फुलं लागली की १३:००:४५ कडे, म्हणजे जास्त पालाशच्या खताकडे, वळायचं. आणि प्रत्येक वेळी इतकं पाणी द्यायचं की दिलेल्याच्या दहा-वीस टक्के खालून बाहेर निघालं पाहिजे, नाहीतर क्षार आत साठत जातात, वर पांढरी बुरशीसारखी पपडी दिसते ती मिठाची असते. ते निघालेलं पाणी बशीत तुंबू द्यायचं नाही, ओतून टाका किंवा तुळशीला घाला.

मला काहीजण म्हणतात, आम्ही सेंद्रिय करतो, जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं द्रावण) घालतो कोकोपीटमध्ये. घाला, नुकसान काही नाही, पण जीवामृत काम करतं ते मातीतल्या सेंद्रिय पदार्थावर, तिथे जीवाणूंना खायला काहीतरी आहे. नुसत्या कोकोपीटमध्ये जीवामृतावर टोमॅटो काढायचा म्हणजे पाहुण्यांना नुसता वास देऊन जेवायला बसवणं. सेंद्रियच करायचं असेल तर कोकोपीट निम्मं, गांडूळखत तिसरा हिस्सा, उरलेली माती, आणि मग ते मिश्रण मातीसारखंच वागवा.

पाणी किती वेळा, हे कोकोपीटमध्ये मुठीने कळतं. मूठभर घेऊन दाबा, बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले की बरोबर. धार लागली तर जास्त, थेंबच नाही आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर उशीर झालाय. वरचा थर कोकोपीटचा लवकर वाळून फिका पडतो आणि खाली अजून ओलं असतं, म्हणून वरून बघून ठरवू नका. मातीचं उलट, माती दिसायला कोरडी झाल्यावर बोट दोन पेरं खुपसा, आत गार आणि ओलसर लागलं तर आज सुट्टी. त्याहून सोपं म्हणजे बॅग उचलून बघायची, पाणी दिल्यावर एकदा आणि तहानल्यावर एकदा, हाताला फरक लक्षात राहतो. बारा बाय बाराच्या ग्रो बॅगेत साधारण वीस-बावीस लिटर माध्यम मावतं, ओल्या मातीने भरली तर तीस किलोच्या वर जाते, कोकोपीटची तिच्या निम्म्याच्या आत. ती उचलवत नाही तर एका बाजूने नुसती तिरकी करून बघा. गच्चीच्या स्लॅबवर वजन किती येतंय त्याचा हिशोबही याच आकड्यांवरून करायचा, तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर बॅगा ठेवा, मधोमध ढीग नको.

चिपाडाची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर चिपाडात भाजी काढून दाखवली, कोल्हापूरकडच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवार या आपल्या शेतकरी-गटांच्या चळवळीतून पालापाचोळ्यावर शेती लोकांच्या गळी उतरवली. गच्चीसाठी हे माझं आवडतं माध्यम, हलकं, रसवंतीवाला फुकट देतो, मातीसारखं बसत नाही. पण दोन अडचणी. एक, ताजं चिपाड कुजताना तापतं आणि कुजवणारे जीवाणू सगळं नत्र स्वतःच वापरतात, रोप फिकं पडतं. हात आत घालून बघा, कोमट लागलं तर अजून रोप लावायचं नव्हतं. निदान दीड-दोन महिने शेण-गोमूत्राच्या पाण्याने भिजवून कुजू द्यायचं. दोन, त्यात मोठ्या पोकळ्या असतात, पाणी वरून घातलं की सुळकन खाली. तुमची रोपं दुपारी झोपतायत त्याचं कारण बहुतेक हे दोन्ही मिळून.

उपाय असा, रोपाच्या भोवती चिपाडात मोठा खड्डा करून निदान दोन-तीन लिटर माती-कंपोस्टचं मिश्रण भरा आणि रोप त्यात लावा. मुळं आधी तिथे पसरतात, मग हळूहळू चिपाडात उतरतात. पाणी थोडं थोडं, दोन वेळा, सकाळी आणि चारच्या सुमाराला. एकदम मगभर घातलेलं पाणी त्यात टिकतच नाही. बॅग महिना-दोन महिन्यांत तिसऱ्या हिश्शाने खाली बसेल, मुळं उघडी पडतील, तेव्हा वरून कंपोस्टची भर द्या. कोरडं पडलं की मुंग्या वारूळ करतात, त्यावर उपाय ओल हाच.

दुपारी झोपणाऱ्या रोपाबद्दल घाबरण्याआधी सकाळी सातला बघा. कडक उन्हात पानं मुळांपेक्षा जास्त पाणी उडवतात, निरोगी टोमॅटो सुद्धा दीड-दोनला मान टाकतो आणि पाचला उभा राहतो. सकाळी सुद्धा झोपलेलं असेल तर मात्र माध्यम कोरडं तरी आहे किंवा मुळं कुजली तरी आहेत, आणि यातलं कोणतं ते बोट खुपसल्यावर अर्ध्या मिनिटात कळतं.

हायड्रोपोनिक्सबद्दल, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर रोपं वाढवण्याबद्दल, तुमच्या मुलाने विचारलंय म्हणता, त्याला एवढंच सांगा, मातीत वाढलेलं रोप धुऊन पाण्यात घालू नको, मातीत आलेली मुळं पाण्यात नीट जगत नाहीत आणि उरलेली माती पाणी नासवते. बी स्पंजवर किंवा कोकोपीटच्या छोट्या पेलात उगवायचं, ते जाळीच्या कपात, भोवती क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या गोळ्या), आणि मग खताच्या द्रावणावर. पंप नको असेल तर अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या क्रॅटकींची पद्धत आहे, द्रावणाची पातळी जशी खाली जाते तशी वरची मुळं हवेत राहून श्वास घेतात, त्यामुळे डबा परत काठोकाठ भरायचा नाही, तिथेच लोक मार खातात. पालक-लेट्यूसला छान, टोमॅटो पाणी फार पितो. आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम असतो तो ३० अंशाला साडेसातवर येतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात गच्चीवर हे करायला मी तरी सांगणार नाही.

पाण्याच्या जातीकडे पण बघा. धरणाचं नळाचं पाणी साधारण मऊ असतं, क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर बादलीत उघडं ठेवा. बोअरचं जड पाणी असेल तर कोकोपीटमध्ये क्षार लवकर चढतात, पंधरा दिवसांनी एकदा साध्या पाण्याने भरपूर धुवून काढा. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर असेल तर ते पाणी झाडांना नकोच, त्यात सोडियम असतं. आणि आरओचं वाया जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक कुंड्यांना घालतात, हेतू चांगला आहे, पण सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात, मिरची त्याला पहिली वैतागते. फरशी पुसा त्याने.

ऋतूप्रमाणे हात बदलायचा. पावसाळ्यात बशा काढून टाकायच्या, मातीच्या कुंड्या विटांवर उचलून ठेवायच्या, लहान रोप थेट मोठ्या मातीच्या कुंडीत लावायचं नाही, आधी चार इंची पिशवीत वाढवा, नाहीतर एवढी ओली माती त्याच्याने वाळत नाही आणि बुडाशी खोड कुजून रोप कोलमडतं. थंडीत पाणी निम्म्यावर. एप्रिल-मेमध्ये ५० टक्के शेडनेट, काळ्या बॅगेच्या पश्चिमेच्या बाजूला काहीतरी आडोसा, कारण बॅगेची तापलेली बाजू मुळं शिजवते, आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन. फळावर आलेला टोमॅटो भर उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी घेतो, ते दोन-तीन वेळांत विभागून द्या. एक दिवस कोरडा आणि दुसऱ्या दिवशी पूर असं झालं की फळाच्या बुडाला काळा डाग पडतो, तो रोग नाही, पाण्याच्या लहरीपणामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं.

तर आत्ता तुम्ही काय करायचं. मातीतल्या रोपांचं पाणी आजपासून बंद, कुंड्या सावलीच्या कडेला विटांवर, खालची पूर्ण पिवळी पानं काढा, आणि मुळं पांढरी निघालेल्यांना दोन-तीन दिवसांत वर सांगितलेल्या मिश्रणात परत लावा, टोमॅटो थोडा खोल. कोकोपीटवाल्यांना आधी बॅगेतच साध्या पाण्याने धुवा, खालून पाणी फिकं होईपर्यंत, मग कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, दोन दिवसांनी १९:१९:१९, आणि कागदावर शेंडे झटकून फुलकिड्यांची तपासणी आजच. जुनी वाकडी पानं सरळ होणार नाहीत, नवीन पानांकडे बघायचं. चिपाडवाल्यांना भोवती मिश्रणाची भर आणि दोन वेळा अर्धा अर्धा मग. दहा दिवसांनी शेंड्यांचे आणि मुळांचे फोटो टाका, पानाच्या खालच्या बाजूचे पण, वरून काढलेल्या फोटोत काही कळत नाही.